दोन कॅमेरे आणि एक वाकडा ओळंबा

९ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देते, आधी मला भांडू दे. तू पाठवलेलं खोकं काल पोचलं. एवढ्याशा कॅमेऱ्याला एवढं मोठं खोकं! मला आधी वाटलं, तुझ्या बापाने माझ्यासाठी काठी पाठवली.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी रागावले की तू खिदळतेस आणि माझा राग फुकट जातो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. तेव्हा ऐक.

मी तुला फक्त एवढंच सांगितलं होतं की कारखान्याच्या मालकाचे जावईबापू स्टुडिओत आले होते. दरवाजे-खिडक्यांचा तो एवढा मोठा कारखाना, त्यांच्या पहिल्या कॅटलॉगपासून फोटो मी काढते. सासऱ्यांनी कधी 'कसे काढता' म्हणून विचारलं नाही. आणि हे गृहस्थ माझ्या ठोंब्याला दोन बोटांत उचलून म्हणतात, "मॅडम, हे अजून चालतं?" माझा डीएसएलआर, भिंगरे! मेलेला उंदीर उचलतात तसा उचलला! नवा कॅटलॉग मार्चअखेर हवा, आणि तो नव्या मिररलेस कॅमेऱ्यावरच काढलेला हवा, नाहीतर दुसरं कोणीतरी बघू, असं बजावून गेले. दुसरं कोणीतरी! जसं काही मी पाण्याचा नळ आहे, हा बंद तर तो.

मी तुझ्याजवळ मन मोकळं केलं, तर तू सरळ मिररलेस पाठवून दिलास. म्हणजे तूही जावयाच्या पार्टीत. ठोंब्या घेतला तेव्हा दुकानातला सगळ्यात साधा होता, कबूल. त्याचं रबर निघालं, तिथे मी सायकलच्या ट्यूबची पट्टी डकवलीय, तेही कबूल. पण बारा वर्षांत त्याने एकदा तरी माझा शब्द खाली पडू दिला का?

एक मात्र खरं सांगते. हल्ली त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, डोळा लावतो त्या काचेत, मधोमध एक मळकट डाग आलाय, कोणी बोट टेकवल्यासारखा. ब्लोअर मारला, मऊ फडक्याने पुसलं, जात नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि म्हणतो, काच स्वच्छ आहे. त्याच्याच चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. म्हटलं, बाबा रे, आधी स्वतःचे डोळे तपास. शेजारी ते डोळ्याला जुळवून घ्यायचं छोटं चाक असतं ना, तेही फिरवून फिरवून आता टोकाला टेकलंय. फोटो मात्र लख्ख येतात, म्हणून चाललंय.

खोकं मी उघडलेलं नाही. उघडलंय, पण बाहेर काढलेलं नाही.

आशीर्वाद आहेतच.

तुझी आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

वाकून नमस्कार, म्हणजे फटका बसला तर पाठीवर बसेल.

मी जावयाच्या पार्टीत नाही. मी दिवसभर बूट आणि मिक्सर यांचे फोटो काढते, मला कोणाच्याच पार्टीत जायला वेळ नाही. पण मीही पाच वर्षं डीएसएलआरच वापरत होते आणि बदलताना माझंही नाक वर होतं. म्हणून भांडायच्या आधी एक काम कर. एकच दार घे, एकच ट्रायपॉड, तीच वेळ, तोच उजेड. आधी ठोंब्यावर काढ, मग मी पाठवलेल्यावर. आणि जे दिसलं ते लिही. जे दिसायला हवं होतं ते नाही. तू मला लहानपणी हेच शिकवलंस, आता तुझ्यावरच उलटवते.

माझ्या कॅमेऱ्यात आरसा नाही, म्हणून खटॅक आवाज नाही. आत दिसतं ते बाहेरचं दार नाही, तर फोटो कसा येणार ते दिसतं. अंधारात तो तुझ्या ठोंब्याच्या कितीतरी पुढे आहे. बॅटरी मात्र खादाड आहे, ते आधीच सांगून ठेवते, नंतर माझ्यावर ओरडू नकोस. जास्तीच्या दोन खोक्यात घातल्यात.

आणखी एक. बाबांनी मागची खोली रंगवायला काढलीय. निळी. कोणासाठी ते तुला कळलंच असेल. म्हणतात, "तिने आता स्टुडिओ बंद करावा आणि इथे येऊन राहावं, किती दिवस कारखान्याच्या धुळीत उभी राहणार?" मी त्यात नाही. मी फक्त रंगाचा वास सहन करतेय.

तुझी भिंगरी


२ मार्च

भिंगरे,

निळी? मला निळा रंग आवडतो असं कोणी सांगितलं तुझ्या बापाला? दादाला सांग, खोलीत इस्त्रीचं टेबल ठेव. मी येणार नाही.

आता तुझी परीक्षा. कारखान्याच्या पॉलिशच्या शेडमध्ये सहा फळ्यांचा सागवानी दरवाजा उभा केला, खिडकीतला उजेड बाजूने, ट्रायपॉड एकच. आधी ठोंब्या, मग तुझी बया. तिला मी बयाच म्हणणार.

बयेचं चांगलं ते आधी लिहिते, नाहीतर म्हणशील आत्या पक्षपाती. बारीक अक्षर वाचायला काच धरावी तसं ती चित्र मोठं करून दाखवते, बिजागरीचा स्क्रूसुद्धा मोजून घ्यावा. अंधाऱ्या गोदामात काढलेला फोटो पाहून मी स्वतःशीच "अगं बाई" म्हटलं. फोकस स्वतः शोधते. कारखान्याचे सुतार मिस्त्री चुकून फोटोत आले तर दार सोडून त्यांच्या डोळ्यावर जाऊन बसली, चोंबडी कुठली.

वाईट ते आता. डोळा लावला की टीव्ही लागतो. ठोंब्यातून मला दार दिसतं, बयेतून दाराचा टीव्ही दिसतो. आवाज नाही, त्यामुळे फोटो निघाला की नाही हे तिलाच विचारावं लागतं. बटणं इतकी की एक दाबायला गेले आणि भलत्याच भाषेत बोलायला लागली. बॅटरी दुपारच्या आतच संपली. ठोंब्या आठवडाभर चालतो, कुरकुर नाही.

आणि आता घे, तुझं पितळ उघडं पाडते! तुझ्या नव्याकोऱ्या बयेतही तोच डाग आहे! मधोमध, तस्साच मळकट! वर एक जास्तीचा रोग. दाराची चौकट मधेच वाकलेली दिसते. मी मिस्त्रींना म्हटलं, "मिस्त्री, चौकटीला फुगवटा आलाय, लाकूड ओलं वापरलंत." त्यांचं तोंड असं झालं की विचारू नकोस. तडक गेले, ओळंबा घेऊन आले आणि चौकटीशेजारी सोडला. सगळे म्हणतात सरळ. मी ठोंब्याला डोळा लावला, तर तो दोराच वाकडा! बयेला लावला, तरी वाकडा! खाली पितळी वजन लटकतंय आणि दोरा वाकतोय, असं कधी होतं का? म्हणजे दोन्ही लेन्सा बंडल.

फोटो मात्र दोन्हींचे सरळ येतात. आतला कॉम्प्युटर दुरुस्त करत असणार, आजकाल सगळं आतल्या आत मिटवतात. तेव्हा सांग तुझ्या जावईबापूंना, नवं ते जुन्याइतकंच खोटारडं आहे!

जिंकले की नाही?

तुझी आत्या


६ मार्च

आत्या,

तू जिंकलीस. आता हे शांतपणे वाच.

दोन कॅमेरे, दोन वेगळ्या कंपन्या, मधे बारा वर्षं. एकात आरसा आहे, एकात नाही. एकात काच आहे, एकात टीव्ही. दोन्हींत डाग त्याच जागी आणि दोरा तसाच वाकडा. फोटोत मात्र काही नाही. दोन्हींमध्ये सारखं काय आहे, आत्या? तुझा उजवा डोळा. दोन्हींना तू तोच लावतेस, आणि तेव्हाच तो एकटा असतो. एरवी डावा सांभाळून घेतो.

खिडकीच्या गजांसमोर उभी राहा. उजवा डोळा झाकून बघ. मग डावा झाकून बघ. मला उत्तर लिहू नकोस, पत्र यायला वेळ लागतो. फोन कर, आणि मी खिदळणार नाही.

मला भीती वाटतेय. लपवत नाही. फोन आला नाही तर मी निघतेच आहे.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरे,

तू परत गेलीस त्याला आठवडा होत आला. तोंडावर बोलता आलं नाही ते लिहिते, कारण तोंडावर तू माझा हात धरून बसली होतीस आणि हात धरलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

तू दादाला का सांगितलंस? मी दवाखान्याच्या बाकावर बसून तुला एकच गोष्ट मागितली होती. डॉक्टरीणबाई आत 'डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात, त्या पाझरतात, म्हणून डाग आणि म्हणून रेषा वाकड्या' असं समजावत होत्या, आणि तू बाहेर जाऊन बापाला फोन करत होतीस. दादा रोज फोन करतो. त्याचा आवाज इतका मऊ झालाय की ऐकवत नाही. माझ्याशी आयुष्यात असा बोलला नाही. लहानपणी मी झाडावरून पडले तेव्हाही म्हणाला होता, "फांदी मोडलीस ना!" तो दादा बरा होता.

त्याचं म्हणणं, आता पुरे. जावईबापूंनाही कळलं, कारखान्यात काही लपत नाही. त्यांचं म्हणणं, "मॅडम, तुम्ही आराम करा, आम्ही बघतो." सगळे बघणारे! मीच तेवढी आंधळी!

आंधळी नाही मी. लिहून टाकते. डोळ्यात सुई घालणार म्हटल्यावर मी आधी दाराकडे बघितलं. डोळा बधिर करतात, दुखत नाही फारसं, पण सुई येताना दिसते ना गं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "फोटो काढते." त्या म्हणाल्या, "काढत होता?" मी म्हटलं, "काढते." त्या हसल्या आणि म्हणाल्या, बरं, काढता. वेळेवर आलात, आणखी सुया घ्याव्या लागतील, आहे ते टिकेल, थोडं परतही येईल. मला तेवढं पुरे आहे.

दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. त्याला म्हटलं, काच खरंच स्वच्छ होती. त्याने चहा दिला.

कॅटलॉग मीच करणार. डावा डोळा आहे की. त्याने आजवर काय केलंय? नुसता मिटून बसला. आता कामाला लागेल.

तुझी आत्या, अजून रागावलेली


२४ मार्च

आत्या,

बाबांना सांगितलं, कारण फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव विचारलं होतं आणि मी रडत होते. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन. माफी मागत नाही, तुझीच भाची आहे.

बाबा मऊ बोलतात ते घाबरलेत म्हणून. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, सख्ख्या भावंडांनीही डोळे तपासून घ्यावेत? मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "मला काय धाड भरलीय! मला सगळं दिसतं." मग पेपर घेऊन बसले. मला वाटलं, त्यांनी तो जरा तिरका धरला होता. की मलाच आता सगळीकडे तेच दिसतंय, देव जाणे.

आता मूळ मुद्दा. मी चार दिवस रजा काढते. कॅटलॉगचे फोटो मी काढते, तू शेजारी खुर्चीत बस आणि सांग, हे असं, ते तसं. नाव तुझंच जाईल, कोणाला कळणारही नाही. मार्चअखेर गाठली की जावईबापू गप्प. मग पुढचं पुढे बघू. हो म्हण, मी तिकीट काढते.

तुझी भिंगरी


४ एप्रिल

भिंगरे,

तिकीट काढलं नाहीस हे बरं केलंस, नाहीतर स्टेशनवरूनच परत पाठवलं असतं.

शेजारी खुर्चीत? मी? आणि फोटो तू काढणार, नाव माझं लावणार? तू प्रेमाने लिहिलंस ते कळलं, म्हणून चुलीत घातलं नाही पत्र. पण माझ्या नावाखाली दुसऱ्याचा फोटो गेला असता ना, तर तो डाग कुठल्याच सुईने गेला नसता. जावईबापू मला घरी बसवायला बघतात, दादा निळ्या खोलीत, आणि तू खुर्चीत. प्रत्येकाने माझ्यासाठी बसायची जागा शोधलीय. मी उभीच राहणार!

कॅटलॉग मार्चअखेरीलाच झाला. सगळा. मी काढला.

कसा, ते ऐक. ठोंब्याला डावा डोळा लावला, टोकाला टेकलेलं ते चाक मधे आणलं, आणि दोरा सरळ! इतका सरळ की मी मिस्त्रींना हाका मारून बोलावलं. तिथेच त्यांची माफी मागितली, चौघांसमोर, कारण फुगवटाही चौघांसमोरच काढला होता. म्हणाले, "बाई, मला तेव्हाच शंका आली होती, ओळंबा काही खोटं बोलत नाही. पण तुम्हाला सांगणार कोण?" आता रोज फोटोच्या आधी ते ओळंबा सोडतात. दारासाठी नाही, माझ्यासाठी. मी डावा डोळा झाकून उजव्याने बघते. वाकडाच आहे अजून, पण परवा जरा कमी वाकला. मी सांगितलं तर मिस्त्रींनी विडीच विझवली आनंदाने.

बयेची गंमत वेगळीच. डावा डोळा लावला की माझं नाक तिच्या मागच्या काचेवर टेकतं, आणि त्या काचेला बोट काय, नाक टेकलं तरी फोकस पळतो! मी दाराच्या कडीवर लावला, तर हिने माझ्या नाकाचं ऐकून खालच्या उंबऱ्यावर नेला. एक अख्खा दरवाजा मी नाकाने फोकस केलाय, तो फोटो पाठवते, फ्रेम करून लाव. मग कळलं की ती काच उलटी फिरवून मिटता येते. मिटली. बयेचं तोंड बंद, माझं नाक मोकळं.

आता तू विचारलेला निकाल. उजेडातली दारं ठोंब्यावर काढली, तो माझ्या हाताला बसलाय. गोदामातली सगळी आणि नक्षीची जवळून काढलेली बयेवर. ती चित्र मोठं करून दाखवते ते मला आता लागतं, आणि लागतं ते लागतं, त्यात लाज कसली? मी हरले असं समजू नकोस. मी पक्ष बदलला. जावईबापूंनी विचारलं, "मिररलेसवरच काढलेत ना?" मी म्हटलं, "निम्मे. तुम्हाला खटकेल तो बाजूला काढा, पुन्हा काढून देते." त्यांनी पानं उलटली, परत पहिल्यापासून उलटली, आणि म्हणाले, खिडक्यांचं कधी सुरू करताय? मी म्हटलं, सोमवारी. सुई शुक्रवारी आहे.

बया माझ्याकडे राहील. मागितलीस तर ऐकू आलं नाही म्हणेन, डोळ्यांबरोबर कानही गेले म्हणून सांगेन.

तिच्या बदल्यात या खोक्यात ठोंब्या पाठवलाय. तुला नाही, दादाला. हो, ठोंब्या! खोकं बांधून दोनदा परत उघडलं मी. पण मी आता एकाच कॅमेऱ्यावर डावा डोळा बसवणार आहे, आणि ठोंब्याला एक काम उरलंय, ते दुसरं कोणी करणार नाही. तपासायला चल म्हटलं तर तुझा बाप जाणार नाही. पण मी त्याला कॅमेरा पाठवलाय म्हटल्यावर डोळा लावल्याशिवाय राहणार नाही, तो मोह त्याला लहानपणापासून आहे. चाक मी मधे आणून ठेवलंय. दादाला तुमच्या दाराच्या चौकटीसमोर उभं कर. आधी उजवा डोळा, मग डावा.

चौकट दोन्हीत सरळ दिसली, तर एकदा डॉक्टरांकडे जाऊन यायचं आणि माझ्या स्टुडिओबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. वाकडी दिसली, तर आढेवेढे न घेता तडक इकडे निघायचं. माझ्या डॉक्टरीणबाई आहेत, सुई येईल तेव्हा धरायला माझा हात आहे, आणि मी मऊ आवाजात बोलणार नाही, हा माझा शब्द.

स्टुडिओच्या मागची खोली मी रिकामी करून रंगवून घेतलीय. पिवळी. त्याने मला रंग विचारला नव्हता, मीही त्याला विचारलेला नाही.

तुझी आत्या